हायड्रोलिक सिलेंडरची गळती: सील बदलण्याआधी रॉड बघा

ऊस तुटला, खोडवा मोडला की एप्रिल-मेच्या उन्हात कृष्णाकाठच्या काळ्या रानांत पलटी नांगर सुरू होतात. पावसाळ्यापासून गोठ्यामागे नाहीतर बांधावर उभा असलेला नांगर ट्रॅक्टरला जोडला जातो. पहिल्या एकरातच, नांगर पलटवणाऱ्या हायड्रोलिक सिलेंडरच्या तोंडाशी तेल जमायला लागतं आणि त्यावर धूळ बसून काळा लगदा होतो. मालक सांगलीला किंवा कराडला जाऊन सील किट आणतो, फिटर दोन-तीन तासांत बसवून देतो. पंधरा दिवसांत सिलेंडर पुन्हा गळतो आणि खापर सीलवर फुटतं.

सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, हा सिलेंडरमधला सगळ्यात मऊ भाग आहे. रॉडवर गंज चढला, पिन-बुश (सिलेंडर जोडणारी खीळ आणि तिच्याभोवतीची कडी) झिजून रॉड तिरका चालला किंवा ऑइलमध्ये माती गेली, तर त्या सगळ्याचा मार पहिल्यांदा सीलवर बसतो. ज्याने जुनं सील खाल्लं तेच आत ठेवून नवं घातलं, तर नवंही त्याच वाटेने जाणार. म्हणून सील कसं बसवायचं यापेक्षा जुनं का गेलं हे कसं ओळखायचं, यावर इथे जास्त भर दिला आहे.

आत काय असतं

सिलेंडर म्हणजे आतून आरशासारखी गुळगुळीत केलेली जाड पोलादी नळी, तिला बॅरल म्हणतात. आत पिस्टन, पिस्टनला नटाने आवळलेला क्रोमचा रॉड आणि रॉड जिथून बाहेर येतो तिथे झाकणासारखी बसवलेली ग्लँड. पलटी नांगराचा सिलेंडर डबल ॲक्टिंग असतो, म्हणजे त्याला दोन होज पाईप असतात. एका बाजूने ऑइल आलं की रॉड बाहेर, दुसऱ्या बाजूने आलं की आत.

ताकद किती असते ते एकदा आकड्यात बघावं, म्हणजे पुढच्या सावधगिरीला अर्थ येतो. ८० मिलिमीटर बोअरच्या (बोअर म्हणजे बॅरलचा आतला व्यास) पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर होतं. ट्रॅक्टरच्या पंपाने १८० बार दाब दिला, तर हा सिलेंडर नऊ टनांच्या जोराने ढकलतो. रॉड ४० मिलिमीटरचा असेल, तर ओढताना रॉडने व्यापलेली जागा वजा होते आणि जोर सात टनांच्या आसपास उरतो. हा सगळा दाब अडवून धरतो तो काही मिलिमीटर रुंदीचा रबराचा नाहीतर पॉलियुरेथेनचा ओठ.

ग्लँडमध्ये बाहेरून आत जाताना पहिलं लागतं ते वायपर, त्याला डस्ट सीलही म्हणतात. त्याचं काम ऑइल अडवणं हे नाहीच. रॉड आत जाताना त्यावरची माती खरवडून बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम. त्यामागे यू-सील, हे खरं ऑइल अडवणारं. सोबत गाईड रिंग, जी रॉडला मधोमध ठेवते आणि लोखंडाला लोखंड घासू देत नाही. ग्लँडच्या बाहेरच्या अंगाला ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि तिला टेकू देणारी बॅकअप रिंग. पिस्टनवर पिस्टन सील आणि त्याच्या गाईड रिंगा, तर पिस्टन आणि रॉड यांच्यामध्ये एक छोटी ओ-रिंग. ही छोटी ओ-रिंग बदलायची पुष्कळदा राहून जाते. मग बाकी सगळं नवं असूनही ऑइल आतल्या आत पलीकडे जात राहतं.

गळती नक्की कुठली

आधी डिझेल आणि ब्रशने सिलेंडर स्वच्छ धुऊन कोरडा करा. लगदा तसाच ठेवून गळती कुठली हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम. धुतल्यावर वजन न देता दहा-बारा वेळा रॉड आतबाहेर करा आणि बघा.

रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर दिसणं चांगलं, सीललाही वंगण लागतं. पण ग्लँडच्या तोंडाशी तेलाचं कडं जमून थेंब पडत असेल, तर रॉड सील, म्हणजे ग्लँडमधलं यू-सील, गेलं. थेंब लहान म्हणून दुर्लक्ष करू नका. दहा सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी तासाला १८ मिलिलिटरच्या आसपास जातं, आठ तासांच्या कामात दीडशे मिलिलिटर. शिवाय जिथून तेल बाहेर येतं तिथूनच, रॉड आत जाताना, धूळही आत जाते.

रॉड कोरडा आहे पण ग्लँड आणि बॅरलच्या जोडावर तेल आहे, तर ग्लँडची बाहेरची ओ-रिंग गेली. पोर्टपाशी तेल असेल तर सिलेंडर खोलायची गरजच नाही. तिथला डाऊटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर), निप्पल किंवा होजची क्रिंप (टोकाला दाबून बसवलेला जोड) तपासा. बॅरलच्या वेल्डिंगवर घाम फुटल्यासारखं तेल येत असेल, तर तिथे बारीक चीर किंवा छिद्र आहे.

गळती शोधताना हात फिरवायचा नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं ऑइल कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून फक्त बारीक टोचल्याची खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत मांस सडायला सुरुवात होते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापायची वेळ येते. असं झालं तर हळद, मलम असले उपाय न करता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं हायड्रोलिक ऑइल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तपासायचंच असेल तर हातभर काठीला पुठ्ठा बांधून तो फिरवा, तेल पुठ्ठ्यावर दिसेल.

आता बाहेर थेंबही नाही, पण अवजार धरून राहत नाही, हळूहळू सरकतं, हा प्रकार घ्या. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: पिस्टन सील गेलं. डबल ॲक्टिंग सिलेंडरमध्ये वजन रॉडला आत ढकलत असेल आणि दोन्ही होज व्हॉल्व्हपाशी पूर्ण बंद असतील, तर नुसत्या पिस्टन सीलच्या गळतीने रॉड फारसा आत जाऊ शकत नाही. कारण रॉड आत यायचा तर त्याच्या जाडीएवढ्या ऑइलला बाहेर जायला जागा हवी, आणि ती जागा सिलेंडरमध्ये नाही. आतला दाब वाढतो आणि तो वाढलेला दाब वजन पेलतो. तरीही रॉड खाली बसत असेल, तर ऑइल लिव्हरच्या व्हॉल्व्हमधून टाकीकडे परत जातंय. सिलेंडर खोलून, किट बदलून पैसे घालवल्यावर हे कळण्यापेक्षा आधी एक तपासणी करा.

अवजार सिलेंडरवर भार येणार नाही असं टेकवून रॉड पूर्ण बाहेर काढा. इंजिन बंद करून दाब सोडा. रॉडकडच्या बाजूचा होज सिलेंडरपासून सोडून त्याच्या तोंडाला बूच मारा. सिलेंडरचं ते पोर्ट मात्र उघडं ठेवून खाली स्वच्छ बादली धरा. आता इंजिन हळू चालवून दुसऱ्या बाजूने, म्हणजे रॉड बाहेर ढकलणाऱ्या दिशेने, दाब द्या. रॉड आधीच टोकाला असल्याने हलणार नाही. उघड्या पोर्टमधून आधीचं साचलेलं थोडं ऑइल येऊन थांबलं, तर पिस्टन सील ठीक आहे. धार चालूच राहिली, तर सील, रॉड-पिस्टनमधली ओ-रिंग किंवा बॅरल यांत दोष आहे.

हे करताना सिलेंडरचं ते पोर्ट चुकूनही बंद करायचं नाही. ८० बोअर आणि ४० रॉडच्या सिलेंडरमध्ये मागून १८० बार दिले आणि पुढची वाट बंद असली, तर पुढच्या बाजूला २४० बार तयार होतात. रॉड ५० चा असेल तर २९५. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) पंपाकडचा दाब बघतो, हा वाढलेला दाब त्याला कळतच नाही. क्विक कपलर (होज ट्रॅक्टरला जोडायचा झटपट जोड) अर्धवट बसला तरी हेच होतं, कारण न बसलेला कपलर आतून बंद राहतो. नवं सील पहिल्याच दिवशी बाहेर फेकलं गेलं असेल, तर सीलआधी कपलर तपासा.

सोडवताना

सपाट जागा, नांगर जमिनीवर टेकलेला, इंजिन बंद. मग हायड्रोलिकचं लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा, म्हणजे पाइपातला दाब निघून जातो. ज्या मॉडेलला स्विच चालू असल्याशिवाय व्हॉल्व्ह हलत नाही, तिथे चावी फिरवून पण इंजिन न चालवता हलवा. तरीही पहिला निप्पल अर्धा आटा सैल करून थांबा. तेल फिसकारलं तर बाजूला होऊन दाब उतरू द्या.

होजवर खूण करा, दोन रंगांच्या चिकटपट्ट्या पुरतात. उलटी जोडणी झाली तर लिव्हर पुढे केल्यावर अवजार भलत्याच दिशेला येतं आणि माणूस तिथे उभा असतो. सुटे झालेले होज आणि पोर्ट प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा. कापसाची किंवा सुताची चिंधी कोंबू नका, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

पिना काढल्या की त्या पिना आणि बुश बाजूला ठेवून नीट बघा. पीन एका अंगाने पोखरलेली, बुश लंबगोल झालेला असेल, तर सील एका बाजूला का झिजलं याचं उत्तर तिथेच आहे. सिलेंडरची डोळी (पीन जाते ते भोक) ढिली झाली की दर पलटीला रॉडला आडवा धक्का बसतो. गाईड रिंग एका बाजूने खाऊन जाते आणि मग रॉड सरळ ग्लँडच्या लोखंडावर घासतो. पिन-बुश न बदलता किट घालणं म्हणजे तेच दुखणं पुन्हा विकत घेणं.

सिलेंडर उघडणं

ग्लँड तीन-चार पद्धतींनी बसवलेली असते. आट्यांची ग्लँड असेल तर तिच्यावर दोन भोकं किंवा खाचा असतात, त्यासाठी सी-पाना किंवा पिनचा पाना लागतो. तो लेथवर अर्ध्या तासात करून मिळतो. छिन्नी-हातोडीने फिरवलेली ग्लँड पुढच्या वेळी कुणालाच उघडत नाही. पाईप पान्याने बॅरल पकडू नका, नळी दबते आणि आत पिस्टन तिथेच अडायला लागतो. काही ग्लँडना आतून वायर रिंग किंवा सर्क्लिप असते. तिथे आधी ग्लँड थोडी आत ढकलावी लागते, मग रिंग निघते.

ग्लँड निघाली की रॉड सरळ ओढायचा. अडला तर हवेचा पाईप लावून पिस्टन उडवायचा मोह होतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची ८ बार हवा ८० बोअरच्या पिस्टनवर चारशे किलोचा जोर देते, आणि ऑइलसारखी ती सुटताच थांबत नाही, फुगत राहते. पिस्टन गोळीसारखा बाहेर येतो. त्यापेक्षा रॉड बाकाच्या शिकंज्याला बांधून बॅरल हळूहळू ओढा, किंवा हातपंपाने ऑइल भरून सावकाश बाहेर काढा.

पिस्टनचा नट घट्ट असतो आणि पुष्कळदा थ्रेड-लॉकर (आटे सुटू न देणारा डिंक) लावलेला असतो. किंचित गरम करून सुटतो, पण तापवताना ज्योत रॉडच्या क्रोमवर जाऊ देऊ नका. रॉड शिकंज्यात धरताना दोन्ही बाजूंना लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे घाला. क्रोमवर पडलेला एक दात नवीन सीलला पुरेसा असतो.

जुनी सीलं लगेच फेकू नका, ती बोलतात. ओठ एकाच बाजूला झिजला असेल तर रॉड वाकलाय किंवा पिन-बुश गेलेत. उभे बारीक चरे असतील तर रॉड खरबरीत आहे किंवा ऑइलमध्ये कण आहेत. सील कडक होऊन नखाने तुकडे पडत असतील तर ऑइल फार तापलं. फुगून मऊ पडलं असेल तर चुकीचं तेल किंवा डिझेल मिसळलंय. मागची कड कुरतडल्यासारखी, ग्लँडच्या फटीत ओढली गेलेली दिसली, तर दाब जास्त झाला किंवा गाईड रिंग झिजून फट वाढली. काळी जळकी कड दिसली तर सिलेंडरमध्ये हवा होती. दाबाखाली हवा एकदम आवळली की ती इतकी तापते की ऑइलच्या वाफेचा भडका उडतो आणि सीलचा ओठ जळतो.

रॉड आणि बॅरल

रॉड फडक्याने कोरडा करून नख लांबीच्या दिशेने आणि आडवं, दोन्हीकडून फिरवा. नख अडतं तिथे सील कापलं जाणार. क्रोमचा थर साधारण २० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. त्याला बारीक छिद्र पडलं की खाली लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि क्रोमची खपली वर उचलली जाते. या खपलीची धार करवतीसारखी चालते.

आपल्या भागात हे होण्याची कारणं ठरलेली आहेत. पाटण-जावळीकडे चार महिने पाऊस आणि ओल. द्राक्षपट्ट्यात मोरचूद आणि चुन्याची फवारणी, त्याचे शिंतोडे उघड्या रॉडवर वाळतात. युरिया, शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्याची मळी) वाहणाऱ्या ट्रॉलीखाली सतत खारट ओल असते. आणि काळ्या रानाचा चिखल रॉडवर वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो, वायपर त्याला खरवडू शकत नाही, चिखलच वायपरचा ओठ उलटवतो. जत, आटपाडी, माण, खटावच्या मुरमाड रानात ओल कमी, पण तिथे खडा उडून रॉडला टोचा पडतो.

दोन-चार बारीक टोचे असतील, तर तेल लावून बारीक ऑइल-स्टोनने फक्त वर आलेली कड मोडा. पॉलिश पेपर मारायचा तर ६०० नंबरच्या वरचा, तेलात भिजवून, रॉडभोवती गोल फिरवत. लांबीच्या दिशेने कधीच नाही. लांबीत पडलेली प्रत्येक रेघ ऑइलला बाहेर यायचा पाट होते. खपली निघालेला किंवा गंजाने पोखरलेला रॉड मात्र पॉलिशने सुधारत नाही. तो घासून पुन्हा हार्ड क्रोम करून ग्राइंड करावा लागतो, नाहीतर तयार क्रोम बार आणून लेथवर नवा रॉड करावा. सांगली-कुपवाड, सातारा आणि कराडच्या एमआयडीसी भागात ही कामं होतात. क्रोम केल्यावर ग्राइंडिंग करून माप मूळचं आलं का, हे मायक्रोमीटरने बघून घ्या. नुसता चमकणारा रॉड म्हणजे मापातला रॉड नव्हे.

वाकलाय का ते व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने बघतात. रॉड एक फेरा फिरवल्यावर काट्याने दाखवलेला फरक हा वाकाच्या दुप्पट असतो, हे लक्षात ठेवा. वर्कशॉपमध्ये साधारण एक मीटरला अर्धा मिलिमीटर वाक ही शेवटची मर्यादा धरतात. प्रेसवर सरळ केलेल्या रॉडच्या क्रोमला बारीक चिरा पडू शकतात, त्या भिंगाखाली तपासा.

बॅरलमध्ये टॉर्च मारून बघा. लांबीत पडलेला, नखाला लागणारा ओरखडा असेल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) करावं लागतं. बोअर दोन्ही टोकांना आणि मध्ये, दोन दिशांनी मोजा. बॅरल मधे फुगलेलं असेल तर नेमका मधल्या स्ट्रोकला, म्हणजे रॉड अर्धा बाहेर असताना, जोर कमी पडतो. होनिंग करत राहिलं की बोअर मोठं होतं आणि ठरलेल्या मापाचं सील ढिलं पडतं. एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पुढे जाण्याऐवजी तयार होन केलेली नळी आणून बॅरलच बदला. पोर्टच्या भोकाची आतली धार बोटाने तपासा. तिथे कड असेल तर बारीक पॉलिशने गोल करा, नवं पिस्टन सील आत जाताना याच धारेवर कापलं जातं.

वेल्डिंगवरच्या चिरेबद्दल एकच गोष्ट, पण ती कळकळीने: ऑइल असलेल्या, दोन्ही तोंडं बंद असलेल्या सिलेंडरवर कधीही वेल्डिंग करू नका. आतली वाफ पेटून तो फुटतो. पूर्ण खोलून, धुऊन, सीलं काढून, पोर्ट उघडी ठेवूनच ते काम होतं. नंतर बोअर वाकडं झालं नाही ना, हे मोजावं लागतं.

किट घेताना

जुन्या सीलचं माप घेऊन दुकानात जाऊ नका. ते झिजलेलं किंवा फुगलेलं असतं. ग्लँड आणि पिस्टनच घेऊन जा आणि खाचेचं माप व्हर्नियरने घ्या. यू-सीलवर ४० × ५० × १० असं लिहिलेलं असेल, तर ४० हा रॉड, ५० ही खाचेची बाहेरची गोलाई, १० ही उंची. उंचीत एखादा मिलिमीटर जास्त असलेलं सील खाचेत दाबून बसवता येतं, पण ते दाबाखाली उघडू शकत नाही आणि तापून जातं. कमी उंचीचं सील खाचेत पुढेमागे आपटत राहतं.

रॉडसाठी पॉलियुरेथेनचं यू-सील घ्यावं, ते झीज आणि दाब नायट्राइल रबरापेक्षा जास्त सोसतं. ओ-रिंगा नायट्राइलच्या चालतात. शेतीच्या कामात व्हाइटनची महागडी सीलं घालून काही मिळत नाही. ती जास्त उष्णतेसाठी असतात, मातीसाठी नाही. गाईड रिंगांत काटकसर करू नका. ‘नुसतं सील द्या’ म्हणून आणलेलं किट अर्धं काम असतं.

बसवताना

सगळे भाग डिझेलने धुवा, हवेने वाळवा, आणि ज्या ऑइलवर सिलेंडर चालणार त्याच स्वच्छ ऑइलने ओले करा. कामाची जागा झाडाखाली नको, वाऱ्यावर येणारी धूळ थेट खाचेत बसते. दहा मायक्रॉनचा कण डोळ्याला दिसत नाही, पण सीलच्या ओठाखाली तो राहतो.

पॉलियुरेथेनचं सील थंड असताना कडक असतं. ते ६० ते ८० अंश तापलेल्या ऑइलमध्ये पाच मिनिटं ठेवा. गॅसच्या ज्योतीवर धरायचं नाही. मऊ झालं की राजम्याच्या दाण्यासारखा आकार करून ग्लँडमध्ये घाला आणि बोटाने खाचेत सोडा. स्क्रू-ड्रायव्हरऐवजी टोक गोल केलेली बांबूची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा.

दिशा चुकली की सगळी मेहनत वाया जाते. यू-सीलचं उघडं तोंड ऑइलच्या, म्हणजे दाबाच्या बाजूला. ऑइल त्या तोंडात शिरून ओठ पसरवतं आणि रॉडवर दाबतं. उलटं बसवलं तर पहिल्याच दाबाला धार लागते. वायपरचा ओठ बाहेरच्या बाजूला. बॅकअप रिंग ओ-रिंगच्या त्या अंगाला, जिकडे दाब नाही. पिस्टनवर दोन यू-सीलं असतील तर त्यांची तोंडं एकमेकांकडे पाठ करून, प्रत्येक आपापल्या दाबाकडे.

रॉडला आधी ग्लँड, मग पिस्टन, मग नट. हे सांगायची गरज वाटत नाही, पण घाईत पिस्टन आवळून झाल्यावर ग्लँड बाकावर राहिलेली सापडते. ग्लँड रॉडवर सरकवण्यापूर्वी रॉडच्या आट्यांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नव्या सीलचा ओठ आट्यांवर चिरतो. नट नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर नवाच घाला, आट्यांचं तेल पुसून थ्रेड-लॉकर लावा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला टॉर्क पान्याने आवळा. चालू कामात नट सुटला तर रॉड एकटाच बाहेर येतो.

पिस्टन बॅरलमध्ये घालताना सरळ धरा, थोडा फिरवत आत द्या. बॅरलच्या आतल्या आट्यांवरून सील जाणार असेल तर पातळ प्लास्टिकचा कागद गोल करून आत धरा. हातोडीने ठोकावं लागतंय म्हणजे सील खाचेबाहेर आलंय. थांबा, काढा, बघा.

ट्रॉलीचा जॅक

हायड्रोलिक ट्रॉलीचा टेलिस्कोपिक जॅक वेगळ्या घराण्याचा. तो बहुधा सिंगल ॲक्टिंग असतो. ऑइल फक्त वर ढकलतं, खाली येणं ट्रॉलीच्या वजनाने. एकात एक तीन ते पाच नळ्या, प्रत्येकीला स्वतंत्र सील आणि वायपर. आतून दुसऱ्या बाजूला ऑइल जाण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे बाहेर थेंब नसताना ट्रॉली बसत असेल, तर जॅक न खोलता लिव्हरचा व्हॉल्व्ह दाखवा. एका टप्प्यातून गळत असेल तरी सगळ्या टप्प्यांचं किट बदलावं. नळ्या जड असतात, थांब-रिंगा अडकतात, म्हणून हे काम जागेवर न करता वर्कशॉपमध्येच करून घेतलेलं बरं.

जॅक वाकण्याचं मुख्य कारण उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात असताना ट्रॉली उचलणं. मुरूम एका बाजूला चिकटून राहिला तरी जॅकवर आडवा भार येतो. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली, लोखंडी टेकू लावल्याशिवाय, ग्रीस मारायलाही डोकं घालायचं नाही. होज फुटला तर बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

चालू करताना, आणि नंतर

८० बोअर आणि ५०० मिलिमीटर स्ट्रोकच्या सिलेंडरमध्ये अडीच लिटर ऑइल मावतं. रिकामा सिलेंडर जोडला की तेवढी टाकी उतरणार, म्हणून आधी पातळी बघा. पंपाने हवा ओढली तर ऑइल फेसाळतं आणि सिलेंडर झटके देतो. वजन न देता, इंजिन हळू ठेवून आठ-दहा वेळा रॉड आतबाहेर करा. सुरुवातीच्या फेऱ्यांत टोकापर्यंत नेऊ नका. फेस गेला की भार द्या, अर्धा तास काम करून निप्पल आणि ग्लँड पुन्हा तपासा.

ऑइल ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलंच. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच असतं. वेगळी टाकी असेल तर बहुधा ६८ नंबरचं हायड्रोलिक ऑइल चालतं. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल टाकू नका. त्यातली काजळी आणि धातूचा चुरा सिलेंडरच नव्हे, पंपही खातो. ताकासारखं पांढरट दिसणारं ऑइल म्हणजे आत पाणी आहे. नवं सील घालून त्याच ऑइलवर चालवलं तर रॉड आतून गंजतो. फिल्टर सील किटबरोबरच बदला. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नका.

किर्लोस्करवाडीत १९१० साली लोखंडी नांगराचा कारखाना आला तेव्हा त्या नांगराला जपायचं ते फाळापुरतं. आजच्या पलटी नांगराचा जीव हातभर रॉडच्या चकाकीत आहे, आणि ती पावसाळ्यातल्या उभ्या महिन्यांत जाते. बऱ्याच पलटी नांगरांत नांगर टेकवून ठेवला की रॉड बाहेरच राहतो. जिथे आत घेता येतो तिथे आत घेऊन ठेवा. येत नसेल तिथे मे महिनाअखेरीस रॉड डिझेलने पुसा, कोरडा करा, ग्रीसचा जाड थर द्या आणि वरून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधा. ग्रीस दीड-दोन महिन्यांनी एकदा उघडून बघा, पावसाने धुतली असेल तर पुन्हा लावा. हंगामात पहिल्यांदा जोडताना ही ग्रीस आणि तिला चिकटलेली धूळ पूर्ण पुसूनच रॉड आत घ्या, नाहीतर ती वायपरखाली जाते.

नांगराच्या सांगाड्याला वेल्डिंग करायचं असेल तर अर्थची क्लँप वेल्डिंगच्या जागेजवळच लावा. सिलेंडरच्या पलीकडे लावली तर करंट रॉडमधून जातो आणि क्रोमवर बारीक खळगे पडतात. वेल्डिंगचे ठिपके उडतील तिथे रॉडवर ओलं गोणपाट टाका, आणि काम झाल्यावर रॉड लगेच कोरडा पुसा.